वावरात जीपीएस बिघडलं तर: कारण ओळखायचं कसं, काम वाचवायचं कसं

विदर्भात आता धुऱ्याचं भांडणसुद्धा उपग्रहावर येऊन ठेपलं आहे. कधीकाळी साखळी आणि प्लेन टेबल घेऊन येणारा भूकरमापक आता रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणारं काठीवरचं यंत्र, घेऊन येतो. गावठाणाची मोजणी स्वामित्व योजनेत ड्रोनने झाली. ई-पीक पाहणी करताना शेतकरी वावरात उभा आहे की घरी, हे फोनच्या लोकेशनवरून ठरतं. पऱ्हाटीवर फवारणी करणारा ड्रोन आणि गौण खनिज वाहणारा टिप्पर, दोघांचीही जागा उपग्रहच सांगतात. एवढी कामं ज्या रेडिओ सिग्नलवर उभी आहेत, तो सिग्नल किती नाजूक आहे हे मात्र गावात कोणी सांगत नाही.

रोव्हर बंद पडला तर फार तर दिवस वाया जातो. खरा धोका चुकीची जागा ठामपणे दाखवणाऱ्या रोव्हरचा आहे. दोनशे मीटर लांब धुरा दोन फूट सरकला की सव्वा गुंठ्याच्या आसपास जमीन या सातबाऱ्यातून त्या सातबाऱ्याच्या ताब्यात जाते, आणि मग दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत. मोजणी करणारे, ड्रोन उडवणारे आणि मोजणीच्या वेळी धुऱ्यावर उभे राहणारे शेतकरी, या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी आकड्यांचा अंदाज घ्या

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून निघालेला सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा त्याची ताकद एका वॅटचा शंभर कोटी कोटीवा भाग, म्हणजे दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग एक, एवढीच उरलेली असते. ॲन्टेनाच्या स्वतःच्या उष्णतेमुळे जो रेडिओ गोंगाट होतो, त्याच्याही खाली हा सिग्नल दबलेला असतो. रिसीव्हर त्याचा ठरलेला सांकेतिक क्रम ओळखतो, म्हणूनच तो त्याला सापडतो.

आता समजा, कोणाच्या गाडीत सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावलेला, जीपीएस अडवणारा एक छोटा ब्लॉकर आहे आणि तो जेमतेम १० मिलिवॅट ताकद फेकतो. मोकळ्या माळावर, मध्ये काही अडथळा नसताना, एक किलोमीटरवर त्याचा जोर उपग्रहाच्या सिग्नलच्या दहा हजार पटींहून जास्त भरतो. साधा रिसीव्हर तिथे डळमळू लागतो आणि जवळ गेलं की आंधळाच होतो. वर्धा-यवतमाळकडच्या सपाट, उघड्या रानात अशा लहरींना अडवायला ना टेकडी असते ना इमारत.

जीपीएसची मुख्य लहर १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर आहे, तिला एल१ म्हणतात. एल२ आहे १२२७.६० वर आणि एल५ ११७६.४५ वर. आपल्या इस्रोचं नाविक, म्हणजे भारताची जीपीएससारखी स्वतःची यंत्रणा, याच एल५ वर आणि शिवाय २४९२ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या एस बँडवर बोलतं. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून नाविकला एल१ सुद्धा मिळाली. हे आकडे पाठ करायची गरज नाही. वेगवेगळ्या लहरी वेगवेगळ्या जागी आहेत आणि एकीवर घाला पडला तरी दुसरी जिवंत असू शकते, एवढं डोक्यात असलं की पुढच्या तपासणीत फार उपयोग होतो.

चांगल्या दिवशीच नोंद करून ठेवा

डॉक्टरला निरोगी माणसाची नाडी माहीत असते म्हणून ताप ओळखता येतो. इथेही तसंच आहे. सगळं नीट चालू असताना आकडे किती असतात हे ठाऊक नसेल, तर बिघाड झाल्यावर स्क्रीनकडे बघून काहीच कळत नाही.

अँड्रॉइड फोनवर जीपीएसटेस्ट नावाचं फुकट ॲप मिळतं. त्यात प्रत्येक उपग्रहासमोर सी/एन० नावाचा रकाना असतो. गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे, हे तो सांगतो. मोकळ्या आभाळाखाली डोक्यावरच्या उपग्रहांचा आकडा साधारण ४० ते ५० च्या दरम्यान असतो, क्षितिजाजवळच्यांचा कमी. रोव्हरच्या कंट्रोलरमध्येही हीच माहिती उपग्रहांच्या पानावर असते, पण बहुतेक जण ते पान कधी उघडत नाहीत. ते उघडायची सवय लावा.

गावात एक ठरलेली जागा निवडा. शाळेचं मैदान किंवा ग्रामपंचायतीचा ओटा, जिथे वर झाड नाही आणि बाजूला टिनाचं शेड नाही. तिथे सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि दिवस मावळल्यावर एकदा आकड्यांचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. मोजणीचं काम करत असाल तर त्याच जागी काँक्रीटमध्ये एक पक्का खिळा बसवा आणि त्याचे अक्षांश-रेखांश वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी घेऊन सरासरी लिहून ठेवा. कामाला निघण्याआधी आणि काम संपल्यावर त्या खिळ्यावर रोव्हर टेकवायचा. आकडा दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जुळला तर पुढे जायचं. नाही जुळला तर त्या दिवसाचा एकही बिंदू पक्का धरायचा नाही. सगळ्या लेखातला एकच सल्ला पाळायचा असेल तर हा पाळा.

बिघाड झाला: कोणावर संशय घ्यायचा, कोणत्या क्रमाने

फिक्स (सेंटिमीटरपर्यंत पक्की जागा) गेला, फ्लोट (अजून पक्की न झालेली जागा) आला की लोक लगेच म्हणतात, "जॅमर लागला असेल." बहुतेक वेळा तसं नसतं. सोप्या कारणापासून सुरुवात करा.

पहिला संशय मोबाइल नेटवर्कवर. रोव्हरला सेंटिमीटरची अचूकता येते ती कॉर्स स्टेशनकडून (पक्क्या जागी कायमचा बसवलेला रिसीव्हर) किंवा तुमच्या बेसकडून (ठाऊक बिंदूवर तुम्ही ठेवलेला दुसरा रिसीव्हर) येणाऱ्या दुरुस्तीमुळे, आणि ती दुरुस्ती बहुधा सिमकार्डातून इंटरनेटवर येते. गडचिरोली किंवा मेळघाटच्या आत गेलं की आधी हाच दुवा तुटतो. कंट्रोलरवर करेक्शन एज, म्हणजे ती दुरुस्ती किती सेकंद जुनी आहे, ते बघा. एक-दोन सेकंद असेल तर ठीक. आकडा दहा, वीस, तीस असा चढत असेल आणि उपग्रहांचे सी/एन० मात्र जसेच्या तसे असतील, तर दोष नेटवर्कचा आहे. दुसऱ्या कंपनीचं सिम टाका किंवा स्वतःचा बेस लावा. परीक्षा केंद्र किंवा तुरुंगाजवळ परवानगीने लावलेले मोबाइल जॅमर असतात, तिथेही पहिला बळी हाच दुवा असतो.

दुसरा संशय झाडांवर आणि टिनावर. वरुड-मोर्शीकडच्या दाट संत्र्याच्या बागेत सिग्नल पानांतून गाळून येतो, आणि गोदामाच्या टिनावरून परावर्तित होऊन उशिरा पोचतो. याची खूण अशी, की आकडे एकसारखे पडत नाहीत. ज्या बाजूला झाड आहे त्या बाजूचे उपग्रह खाली जातात, मोकळ्या बाजूचे टिकून राहतात. चार पावलं सरकलं की चित्र बदलतं.

तिसरा घड्याळावर. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि त्याच्या उत्तरेकडे, मध्य भारतावरच्या आभाळात, आयनोस्फिअर नावाच्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात इलेक्ट्रॉनांची दाटी होते. सूर्य मावळल्यानंतर मध्यरात्रीपर्यंत या थरात खळबळ माजू शकते, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि सूर्य जास्त सक्रिय असलेल्या वर्षांत आणखी जास्त. तेव्हा आकडे सेकंदासेकंदाला वरखाली नाचतात आणि फिक्स सारखा तुटतो. मे २०२४ मधल्या मोठ्या सौरवादळात अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर उभे राहिले होते, ते याच थरामुळे. यावर वावरात उभं राहून इलाज नाही. महत्त्वाची मोजणी सकाळी उरका आणि संध्याकाळी घेतलेला बिंदू दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

हे तिन्ही नाकारल्यावरच रेडिओ व्यत्ययाकडे या. त्याची खूण एकदा बघितली की विसरत नाही: आभाळ मोकळं आहे, तरी सगळ्याच उपग्रहांचे आकडे एकाच वेळी, एकाच मापाने खाली येतात. डोक्यावरचा ४७ वरून ३२ वर येतो, बाजूचा ४१ वरून २६ वर. उपग्रह जागचे हललेले नसतात. गोंगाटाची पातळी वर चढलेली असते. एल१ चे आकडे पडले आणि एल५ चे तसेच राहिले, तर जवळपास खात्रीच धरा की कोणीतरी एल१ च्या आसपास रेडिओ घाण ओतत आहे.

आधी आपल्याच सामानाकडे बघा

२००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात जीपीएस चालेनासं झालं. शोध घेता घेता सापडले ते बोटींवरचे टीव्हीचे ॲन्टेना. त्यांतले छोटे बूस्टर बिघडून स्वतःच लहरी सोडत होते. शत्रू कोणी नव्हता, वाईट हेतू कोणाचा नव्हता. आपल्या गावांतल्या गच्च्यांवर आजही जुने बूस्टर आहेत, घराघरांत स्वस्त चार्जर आणि एलईडी आहेत, आणि नेटवर्क नाही म्हणून दुकानातून आणून लावलेले मोबाइल सिग्नल बूस्टर आहेत.

सगळ्यात जास्त वेळा दोष सापडतो तो मोजणीवाल्याच्या स्वतःच्या गाडीत. देवळीकडच्या एका पांदण रस्त्यावर रोव्हर दर वेळी एकाच कोपऱ्यात फ्लोट व्हायचा. आदल्या दिवशी तिथेच एक खुंटी ठोकलेली होती. दुसऱ्या दिवशी रोव्हरने दाखवलेली जागा बघून शेजारच्या वावरातले काकाजी म्हणाले, "भाऊ, काल खुंटी इथं नव्हती न. काल तिकडं होती." ते बरोबर होते. चारचाकी त्याच कोपऱ्यात सावलीला उभी केलेली असायची. डॅशकॅमची वायर सॉकेटमधून उपटली तसे फोनवरचे आकडे काही सेकंदांत दहा-बाराने वर आले. पुन्हा लावली, पुन्हा पडले. गाडी तिथून हलवल्यावर खुंटी पहिल्याच जागी निघाली, आणि टेपनेही तेच सांगितलं.

म्हणून हा क्रम ठेवा. गाडी बंद करा आणि किमान तीस मीटर लांब न्या. डॅशकॅम, यूएसबी चार्जर, इन्व्हर्टर, वायरलेस कॅमेरा एकेक करून काढा आणि प्रत्येक वस्तू काढल्यावर मिनिटभर थांबून आकडे बघा. रोव्हरच्या पोलला पॉवर बँक बांधलेली असेल तर ती सोडा. उच्चदाबाच्या तारांना लोक फार दोष देतात, पण त्यांचा त्रास या लहरींना सहसा कमी असतो. त्या ड्रोनच्या होकायंत्राला जास्त फसवतात, आणि ती वेगळी अडचण आहे.

व्यत्यय बाहेरचा असेल तर दिशा काढा

घाई करू नका. व्यत्यय दोन-चार मिनिटांत आला आणि गेला, तर तो रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनातला असू शकतो. वेळ लिहून ठेवा आणि काम पुढे न्या. तासभर टिकला तर तो एका जागी आहे.

दिशा काढायला महागडं यंत्र लागत नाही. फोन छातीशी धरा, ॲप उघडं ठेवा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. माणसाच्या अंगात पाणी भरपूर असतं आणि ते या लहरी बऱ्याच अडवतं. तुमची पाठ स्रोताकडे झाली, म्हणजे तुमचं अंग स्रोत आणि फोनच्या मधे आलं, की आकडे सुधारतात. बघताना फक्त डोक्यावरचे उपग्रह बघा, कारण बाजूचे उपग्रह तुमच्या अंगानेही झाकले जातात आणि गोंधळ होतो. आकडे सगळ्यात चांगले झाले की थांबा. स्रोत तुमच्या पाठीमागे आहे. गावनकाशावर ती रेघ ओढा. मग शे-दोनशे मीटर बाजूला जाऊन पुन्हा तेच करा. तीन जागांच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, त्या भागात कुठेतरी स्रोत आहे.

तिथे एखादं घर किंवा हॉटेल निघालं तर आधी शांतपणे बोला. माणसाला बहुधा माहीतच नसतं की त्याचा बूस्टर बिघडला आहे. तिथे मालाची वाहतूक करणाऱ्या गाड्या निघाल्या आणि ट्रॅकर लपवण्यासाठी कोणी ब्लॉकर लावल्याचा संशय आला, तर वाद घालायला जाऊ नका. नोंद करा आणि तक्रार करा.

फसवा सिग्नल

जॅमर सिग्नल बुडवतो. स्पूफर खोटा सिग्नल बनवून रिसीव्हरला भलतीच जागा पटवतो. सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, विमानांना जीपीएस व्यत्यय आणि फसवणुकीच्या ४६५ घटना जाणवल्या. विदर्भ सीमेपासून दूर आहे आणि इथल्या वावरात याची शक्यता कमी आहे, तरी खुणा माहीत असाव्यात. फोन एकदम दुसरं गाव किंवा विमानतळ दाखवतो. जीपीएसची वेळ आणि नेटवर्कची वेळ जुळत नाही. सगळ्या उपग्रहांचे आकडे संशयास्पद एकसारखे आणि चांगले दिसतात. जीपीएस एक जागा सांगतं आणि गॅलिलिओ किंवा नाविक वेगळी. युरोपच्या गॅलिलिओने २०२५ मध्ये सिग्नलवर अस्सलपणाची सही टाकणारी ओएसएनएमए सेवा सुरू केली. नवा रिसीव्हर घेताना ती सोय आहे का, हे विक्रेत्याला जरूर विचारा.

मोजणीच्या दिवशी

कंट्रोलरवर हिरव्या अक्षरात फिक्स आला म्हणजे बिंदू बरोबर, असं समजू नका. एल१ च्या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर आहे आणि रिसीव्हर मधल्या पूर्ण लहरींची संख्या अंदाजाने पक्की करतो. गोंगाटात ही संख्या चुकली, तर फिक्स हिरवाच राहतो आणि जागा हातभर सरकते. काकाजींनी पकडलेली चूकही अशाच गोंगाटातून आली होती.

म्हणून हद्दीचा प्रत्येक कोपरा दोनदा घ्या. पहिल्यांदा घेतला की ॲन्टेना उलटा करून किंवा रिसेट देऊन फिक्स मुद्दाम तोडा, पुन्हा येऊ द्या आणि परत मोजा. शक्य असेल तर तासाभराने, म्हणजे उपग्रह सरकलेले असतात. जवळच्या दोन कोपऱ्यांतलं अंतर साध्या टेपने मोजा. टेपला कोणी जॅम करू शकत नाही. व्यत्यय हटतच नसेल तर टोटल स्टेशन लावा. ते प्रकाशावर चालतं, उपग्रह लागत नाहीत, फक्त दोन पक्के बिंदू लागतात.

शेतकऱ्यांनो, मोजणीच्या वेळी हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे: फिक्स आहे का, करेक्शन किती सेकंदांचं आहे, हा कोपरा दुसऱ्यांदा घेतला का. चांगला भूकरमापक या प्रश्नांनी रागावत नाही. आकडे सारखे बदलत असतील तर तसं तुमच्या जबाबात नोंदवून घ्या आणि फेरमोजणीसाठी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे लेखी अर्ज द्या. तोपर्यंत दगड रोवू देऊ नका.

ई-पीक पाहणीत लोकेशन येत नसेल तर व्यत्ययाच्या मागे लागू नका. बॅटरी बचत बंद करा, लोकेशन अचूकतेची सेटिंग चालू करा आणि झाडाखालून बाहेर येऊन तीन-चार मिनिटं उघड्यावर थांबा. बहुतेक काम तेवढ्याने होतं.

फवारणीचा ड्रोन

इथे चूक झाली तर माणसाला इजा होते, म्हणून जास्त काळजी. जीपीएस गेलं की ड्रोन जागा धरून राहू शकत नाही आणि वाऱ्यासोबत वाहतो. घरी परत येण्याचं बटणही त्याच जीपीएसवर चालतं, म्हणून ऐनवेळी ते निरुपयोगी ठरतं.

उडवण्याआधी फोनवर आकडे बघा, ड्रोनवर बघा आणि होम पॉइंट (ड्रोन जिथे परत येतो ती जागा) नकाशावर खरंच तुमच्या पायाखाली दिसतो का ते बघा. ड्रोनवर वरून बांधलेला कॅमेरा आणि त्याची केबल जीपीएसच्या चकतीजवळ नको. १.२ किंवा १.३ गिगाहर्ट्‌झवर चालणारे स्वस्त व्हिडिओ ट्रान्समीटर तर बिलकूल लावू नका, ते एल२ च्या उरावर बसतात. हवेत असताना उपग्रह अचानक कमी झाले तर पंप बंद करा, वाऱ्याची दिशा बघा आणि हाताने, हळू, रिकाम्या जागेत उतरवा. हे हाताने उतरवणं जीपीएस बंद करून मोकळ्या रानात सरावाने येतं. नमो ड्रोन दीदी योजनेतून शिकलेल्या ताईंनी हा सराव मागून घ्यावा, कारण हंगामात तो करायला वेळ मिळत नाही.

तक्रार

परवानगीशिवाय मोबाइल जॅमर किंवा जीपीएस ब्लॉकर वापरणं बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये तसं स्पष्ट बजावलं आहे. असं साधन विकणं, त्याची जाहिरात करणंही चालत नाही, आणि परवान्याशिवाय लावलेले सिग्नल बूस्टरही त्यातच येतात. "मी माझ्याच गाडीत लावला, कोणाला काय त्रास," असं म्हणणाऱ्याला अमेरिकेतल्या नेवार्क विमानतळाची गोष्ट सांगा. मालकाच्या ट्रॅकरपासून लपायला एका चालकाने गाडीत ब्लॉकर लावला आणि जवळच्या विमानतळावरची उपग्रह-आधारित उतरण्याची यंत्रणा त्याने बिघडवली. २०१३ मध्ये त्याला ३१,८७५ डॉलर दंडाची नोटीस आली.

रेडिओ लहरींवर देखरेख ठेवणं हे दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचं काम आहे. तक्रार दूरसंचार विभागाकडे करा आणि एक प्रत पोलीस ठाण्यात द्या. तक्रारीत गावाचं आणि तालुक्याचं नाव, गट क्रमांक, व्यत्ययाच्या सुरुवातीची आणि शेवटची वेळ, तो रोज त्याच वेळी येतो का, कोणती यंत्रं बिघडली, एल१ आणि एल५ चे आकडे, दिशेच्या रेघा ओढलेला नकाशा आणि चांगल्या दिवसाचा तो जुना स्क्रीनशॉट लावा. दुसऱ्या कंपनीच्या फोनवर त्याच वेळी घेतलेला स्क्रीनशॉटही जोडा, म्हणजे "तुमचाच फोन खराब असेल" हे उत्तर मिळणार नाही.